त्यांच्या मागोमाग गेलेली वनिता

वनिता गेली त्या सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्या धुवायला माणसं आली होती. सेक्रेटरी मी, त्यामुळे गच्चीवर मीच उभी होते. मिलिंदचा, म्हणजे वनिताच्या धाकट्या भावाचा, फोन आला. "ताई, झालं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कधी?" तर म्हणाला, "आत्ताच. मशीन काढतायत." मी टाकीवाल्यांना व्हॉल्व्ह बंद ठेवायला सांगितलं, गच्चीची किल्ली शेजारणीकडे दिली आणि रिक्षा केली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत रडू आलं नाही, पोचल्यावरही नाही. डोक्याला पट्ट्या गुंडाळलेली, चेहरा सुजून काळानिळा झालेली ती बाई मला वनितासारखी वाटतच नव्हती. ज्या दुपारी तिला मारलं त्याच दुपारी माझ्यापुरती ती गेली होती... पुढचे दिवस मशीनचे होते.

आजारपण नव्हतं, अपघात नव्हता. तिला मारलं. पेपरात 'जमावाच्या मारहाणीत महिलेचा मृत्यू' असं आलं, ते खरं नाही. जमाव आपोआप जमतो. हे पाच जण ठरवून आले होते, आणि ते कुठून कसे तिथवर पोचले हे मला माहीत आहे, कारण आम्हा दोघींचं कामच ते होतं. खटला अजून उभा राहायचा आहे, म्हणून काही नावं बदलली आहेत आणि कंपनीचं, ॲपचं नाव लिहिलेलं नाही. बाकी झालं तसं लिहिते.

अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. लोक इंटरनेटवर जे टाकतात त्यातलं, इतरांनी तक्रार केलेलं, आमच्यासमोर येतं. ते नियमात बसतं की नाही हे बघायचं, नसेल बसत तर काढून टाकायचं. मराठी आणि हिंदीचं काम आमच्याकडे. पंचविशीतली पोरंपोरी भरलेल्या त्या हॉलमध्ये आम्ही दोघीच पन्नाशीला टेकलेल्या. मी आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, तो बंद पडला. वनिता विक्रोळीला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची, ते त्याच्या आधीच बंद पडलं होतं. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर डबा उघडत ती म्हणाली, "तुम्ही पण भंगारात निघालेल्या का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग अहो-जाहो नको. बोंबील खातेस?" मी खात नव्हते. "तुझी वाट लागलीय मग," म्हणून तिने माझ्याकडची कोबीची भाजी निम्मी ओढून घेतली. तेव्हापासून मी 'सुषे' झाले. माझ्या आईनंतर मला तसं कोणी हाकारलं नव्हतं.

तिला घाण बघायची भीती वाटायची नाही. पोरं एखादी गोष्ट बघून पांढरीफटक पडली की ती त्यांना उठवायची, "जा, खाली जाऊन चहा पी, हे मी बघते," आणि खरंच बघायची. शिव्यांचा तिचा अभ्यास दांडगा. कुठल्या जिल्ह्यातली शिवी, बाईसाठी आहे की जातीसाठी, हे ती एका नजरेत सांगायची. आपल्या वस्तीबद्दल, आपल्या लोकांबद्दल लिहिलेलं वाचतानाही तिचा आवाज चढत नसे. एकदा एका पोराने विचारलं, "ताई, तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणाली, "येतो ना. पण पगार राग यायचा मिळत नाही, काढायचा मिळतो." आणि ती पोस्ट काढली.

मग तो गट आला. नाव साधंच होतं, मुलींच्या रक्षणाचं वगैरे. हजारोंनी सभासद. आत चालायचं ते असं: वेगळ्या जातीचं किंवा धर्माचं जोडपं नोंदणी पद्धतीने लग्न करायला निघालं की विवाह नोंदणी कार्यालयाच्या फलकावर त्यांची नोटीस लागते. फोटो, नाव, वय, राहण्याचा पत्ता, सगळं. कोणाला हरकत असेल तर त्याने महिन्याभरात सांगावं म्हणून. हे लोक त्या नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि गटात टाकायचे. मग कोणीतरी मुलीच्या बापाला फोन करायचा, कोणी मुलाच्या मालकाला. कांदिवलीतल्या एका मुलाचे दोन्ही हात मोडले, आणि मोडलेल्या हातांचे फोटो त्याच गटात आले, खाली हसणारे चेहरे. वनिताने एकेक पोस्ट वेचून तक्रार वर पाठवली, परत आली की पुन्हा पाठवली. वरचे लोक म्हणायचे, "नोटीस सार्वजनिक आहे, फोटोत धमकी कुठेय?" ती म्हणायची, "धमकी खालच्या हसण्यात आहे, साहेब." महिनोन्‌महिने तिने हे लावून धरलं आणि अखेर गट बंद झाला. एका दुपारी होता, चहाच्या वेळी नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, टीम लीडरने समोसे मागवले.

वनिताने दोन समोसे खाल्ले आणि मला बाजूला घेतलं. "सुषे, ते गेले कुठे माहितीये?" बंद व्हायच्या आधीच त्यांनी गटात सांगून ठेवलं होतं, दुकान बंद झालं तर कुठल्या ॲपवर भेटायचं ते. तिथल्या नव्या गटाचं नाव होतं 'उपवासाचे पदार्थ'. वर साबुदाणा वड्याचा फोटो. मला हसू आलं, तिलाही आलं. "आणि गंमत बघ," ती म्हणाली, "हजारातले शेकड्यानेच तिकडे गेलेत. मजा बघायला आलेले, टवाळक्या करणारे, ते इथेच राहिले. आता क्रिकेटवर भांडतील. चहा गाळला गं आपण. चहा खाली गेला, चोथा वर राहिला." मी म्हटलं, "मग बरंच झालं की. नवी पोरं त्यांच्या नादी लागायची थांबली." ती म्हणाली, "ते बरोबरच आहे. बंद करायलाच हवा होता. पण इथे होते तोवर कोणीतरी बघत होतं. तिथे कोण बघणार?"

तो प्रश्न मी टीम लीडरला विचारला. त्याचं उत्तर सरळ होतं: आपल्या ॲपवर नाही म्हणजे आपलं काम नाही. त्याचंही खोटं नव्हतं, त्याला आमच्या रांगेत रोज येणाऱ्या हजारो गोष्टी संपवायच्या होत्या. वनिता एका पोलीस चौकीत जाऊन आली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, गुन्हा झाला का अजून?" ती म्हणाली, "झाला की येतेच. नाहीतर तुम्हीच याल." मग तिने आमच्या कामात सक्त मनाई असलेली गोष्ट केली. स्वतःच्या फोनवरून, खोट्या नावाने, ती त्यांच्या मागोमाग तिकडे गेली.

आत शिरायला प्रवेश फी होती. नव्या जागी त्यांना बघे नको होते, म्हणून प्रत्येकाने एक नोटीस आणायची, फलकावरून स्वतः फोटो काढून. म्हणजे पूर्वी जो नुसता हसायचा त्याला आता उठून कार्यालयापर्यंत जावं लागत होतं, कोणाचा तरी पत्ता स्वतःच्या हाताने द्यावा लागत होता. बंदीनंतर ही माणसं कशी बदलली ते मी त्यात पाहिलं. बोलणारे गळले, करणारे उरले, आणि उरलेल्या प्रत्येकाच्या हाताला काहीतरी लागलेलं, त्यामुळे परत फिरणंही अवघड.

वनिता कोणाचा खरा पत्ता देणार नव्हती. तिने घरी बसून एक नोटीस टाइप केली, अगदी सरकारी वळणाची, तिचा हात त्यात बसलेलाच. मनाने रचलेली दोन नावं, कोणा परक्याचे ओळखू न येणारे फोटो. पत्ता कुठला द्यायचा? कुठल्याही चालू इमारतीचा दिला तर तिथल्या माणसांना त्रास. म्हणून तिने विक्रोळीतल्या स्वतःच्या जुन्या इमारतीचा दिला, जी पुनर्विकासासाठी पाडून झाली होती. तिथे नुसती पत्र्यांची कुंपणं होती. "येऊ देत," मला म्हणाली, "पत्र्यावर डोकं आपटून परत जातील." उपनगरात निम्मे लोक सध्या पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर राहतात, आधारकार्डावर तोच, बँकेत तोच. आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ते आले. काही दिवसांनी त्या गटात एक क्लिप पडली. दुपारी कॅन्टीनमध्ये वनिताने मला ती दाखवली. आमच्या कामात मन शाबूत ठेवायची एक रीत आहे आणि ती टीमला वनितानेच लावली होती: चित्रातले रंग काढून टाकायचे, चित्र लहान करायचं, आवाज बंद. रक्त करडं दिसतं, किंकाळी ऐकू येत नाही, नियमात बसतं की नाही हे तेवढ्यातही कळतं. इतक्या वर्षांनी हा हात आपोआप तसाच जातो. घरच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा मी आधी मुका बघते. ती क्लिप आम्ही तशीच पाहिली. करडे पत्रे, समोर तीन माणसं, एकजण हातवारे करून काहीतरी बोलतोय. "आले बघ, पत्रे बघायला," वनिता म्हणाली. "झकास. पेट्रोल जाळलं फुकट." संध्याकाळी बघितलं तर ती क्लिप कोणीतरी काढून टाकली होती.

त्यानंतर लगेच एक खरी नोटीस आली. रेश्मा आणि समीर. यांची नावं मी बदलली आहेत, आणि कोण कुठल्या जातीधर्माचं हे लिहीत नाही, कारण ते कळलं की वाचणारा बाजू शोधायला लागतो. रेश्माचा पत्ता घाटकोपरचा, टेकडीच्या उतारावरच्या वस्तीतला, घर सोडून ती तिथे एक खोली घेऊन राहत होती. खाली लिहिलं होतं, 'रविवारी दुपारी, मोदकासकट.' मोदक म्हणजे मारहाण, हे त्या गटात वाचून आम्हाला ठाऊक होतं. फोन नंबर नव्हता. शनिवारी वनिता म्हणाली, "मी जाऊन सांगून येते. तिला दोन दिवस माझ्याकडे ठेवते. येतेस?" मी म्हटलं, "येते, पण पायऱ्या असतील तर हळू." माझा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. ती म्हणाली, "तू ये गं मागून म्हातारे. मी पुढे जाऊन दार वाजवते."

त्याच दुपारी आम्ही निघालो. खाली वस्तीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. ती सुरू होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. वनिता पुढे गेली, निळी ओढणी वळणावर दिसेनाशी झाली. मी कठडा धरून एकेक पायरी चढत होते. वरून कोणीतरी धावल्यासारखे आवाज आले, मला वाटलं पोरं खेळतायत. मग काहीतरी धातूचं दगडावर पडलं. मी वळण घेतलं तेव्हा पाच जण होते. चौघांच्या हातात गज होते, बांधकामाचे, आणि पाचवा मोबाइल वर धरून उभा होता. वनिता एका बंद दाराला पाठ लावून बसली होती, म्हणजे उभी राहता येत नव्हतं म्हणून बसली होती. एक हात कोपराच्या खाली भलत्या दिशेला वळला होता. दुसरा तिने मागे दाराच्या कडीवर घट्ट धरला होता. एकजण ती बोटं सुटावीत म्हणून त्यांच्यावर गज मारत होता. बोटं सुटत नव्हती. मग दुसऱ्याने डोक्यावर मारला. तो आवाज मी लिहीत नाही.

मी काय केलं ते मला पोलिसांच्या जबाबातून जास्त कळलं. माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. ती मी मोबाइलवाल्याच्या तोंडावर मारली. त्याचा ओठ फाटला, दात पडला, पण मोबाइल त्याने सोडला नाही. मी दुसऱ्यांदा मारली. तेवढ्यात शेजारच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या. एकीने चुलीवरचं उकळतं पाणी पातेल्यासकट फेकलं, एकजण किंचाळत पायऱ्यांवरून कोसळला. त्याच्या अंगावर तिघी तुटून पडल्या. मी त्यांना अडवलं नाही. दोघे तिथेच सापडले, बाकीचे पळाले, त्यातले दोन नंतर मिळाले. मोबाइलवाला अजून मिळालेला नाही.

सगळं शांत झाल्यावर मी दार वाजवलं. आतून मुलीचा आवाज आला, "ताई सांगतील तेव्हाच उघडीन. त्यांनी सांगितलंय." मी म्हटलं, "बाळ, ती सांगायच्या अवस्थेत नाही. मी सांगते, उघड." तिने नाही उघडलं. "तुम्ही कोण?" म्हणाली. तिचं बरोबरच होतं. वनिताला खाली नेल्यावर, पोलीस आल्यावर, शेजारच्या बाईने नावाने हाक मारली तेव्हा कडी निघाली. उंबऱ्यातलं रक्त ओलांडताना त्या मुलीने चपला हातात घेतल्या, ते मी पाहिलं.

इन्स्पेक्टरसाहेबांनी काही दिवसांनी मला बोलावून पकडलेल्या एकाच्या फोनमधली ती पत्र्यांपुढची क्लिप लावली. आवाजासकट. तो हातवारे करणारा म्हणत होता, "इथे बिल्डिंगच नाहीये. आपल्यात कोणीतरी घुसलंय. आता खरा पत्ता टाकतो, रविवार सांगतो आणि आदल्या दिवसापासूनच तिथे थांबतो. वाचवायला कोण येतंय बघूच." त्यांच्यातल्याच कोणीतरी शहाण्याने ती नंतर काढायला लावली होती. ती माणसं हुशार नव्हती. त्यांना गप्प बसता येत नाही. सगळा डाव त्यांनी आमच्यासमोर कॅन्टीनच्या टेबलावर बोलून दाखवला होता आणि आम्ही दोघी पोळीभाजी खात त्यांचे ओठ हलताना बघत होतो. यात चूक कुणाची, असं मला मिलिंदने विचारलं. मी म्हटलं, मारणाऱ्यांची. मुका बघायचा नियम चुकीचा नाही. तो नसता तर आमच्या हॉलमधली निम्मी पोरं आज झोपेच्या गोळ्यांवर असती. नव्या मुलांना मी अजून तोच शिकवते.

रेश्मा आणि समीरचं लग्न झालं, वनिता हॉस्पिटलात असतानाच, पोलीस बंदोबस्तात. साक्षीदार म्हणून मिलिंदने सही केली. तिथून ते दोघं विक्रोळीला, भाड्याच्या घरात राहणाऱ्या वनिताच्या आईच्या पाया पडायला गेले. आई म्हणाल्या, "जेवून जा. वनिता घरी असती तर तिने उपाशी सोडलं नसतं." मुलगी मान खाली घालून सगळं जेवली. आता ते या शहरात नाहीत. कुठे आहेत ते मला माहीत आहे, आणि ते मी कुठेही लिहिणार नाही.

'उपवासाचे पदार्थ' बंद झालं. त्यानंतर ते लोक तिसऱ्या ठिकाणी गेले, तिथूनही हलले. दर वेळी थोडे कमी, दर वेळी आणखी आत. पण जाताना आता ते एक गोष्ट बरोबर नेतात. त्या मोबाइलवाल्याने घाटकोपरला जे टिपलं होतं, ते. नव्या जागी गेले की पहिली तीच क्लिप लावतात, दुकानावर पाटी लावावी तशी. तिथून ती फुटते आणि आमच्या ॲपवरही येते. तंतोतंत प्रत असेल तर मशीनच ती ओळखून काढतं. म्हणून ते तिला जरा बदलतात. कधी आरशात धरल्यासारखी उलटी, कधी कडा कापलेली, कधी वर गाणं चढवलेली. मग मशीन फसतं आणि ती माणसाकडे येते. टीम लीडर म्हणाला, "सुषमाताई, तुमच्या रांगेत येणार नाही अशी व्यवस्था करतो." मी म्हटलं, "उलटी व्यवस्था कर. सगळ्या माझ्याकडे पाठव. पोरांना नको."

पहिली आली तेव्हा मी रीतीप्रमाणे रंग काढले, चित्र लहान केलं. आवाज बंद होता. करड्या रंगात ती दाराशी उभी होती, अजून कोणी हात लावला नव्हता, माणसं नुकतीच गल्लीत शिरत होती. ती आधी दाराकडे तोंड करून काहीतरी बोलली, ते मला रेश्माकडून कळलेलं होतं. मग ती वळली, पायऱ्यांच्या दिशेने, आणि मान उंच करून पुन्हा बोलली. त्या दिशेला तर कोणीच नव्हतं... होते ते पुढ्यात. मी आवाज सुरू केला.

"सुषे, खालीच थांब! वर येऊ नको!"

गिरणी चालू होती, मला ऐकू गेलं नव्हतं.

तेव्हापासून ती बरेचदा आली आहे. गाणं चढवलेली असली की मी लगेच काढून टाकते. नसेल तर आवाज सुरू करते, तेवढं वाक्य येईपर्यंत थांबते. त्याच्या पुढचं बघत नाही. मग कारणाच्या रकान्यात 'गंभीर हिंसा' निवडते, बटण दाबते आणि पुढची पोस्ट उघडते.